हिवाळ्यात पडणारे खडे

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. लग्न होऊन दिवेआगरला गेले तेव्हा माहेरच्यांची खात्री होती, की ही वर्षभरात भांडून परत येणार. परत आले नाही, पण भांडले भरपूर, आणि बहुतेक वेळा सासूबाईंशीच. आमची नारळी-पोफळीची वाडी. घरात सासूबाई, शाळामास्तर असलेले माझे यजमान, मी आणि तीन मुलं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात हुकूम चालायचा तो सासूबाईंचा, आणि त्या हुकमाला फाटे फोडायचं काम माझं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली. त्या संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. मागचं आवरून जरा टेकले, तोच उजव्या बरगडीखाली कळ उठली. पोटात दुखतं तसं ते दुखणं नव्हतं. कळ पाठीतून वर उजव्या खांद्यापर्यंत गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. बाळंतपणाच्या कळांना शेवट असतो हे ठाऊक असतं, म्हणून बाई त्या सोसते. या कळेला शेवट आहे की नाही हेच कळेना. खाल्लेलं सगळं उलटून पडलं, तरी कळ जागची हलली नाही. संध्याकाळी आपसूक थांबली. मी घामाने निथळत पडले होते आणि मुलं दाराशी गुपचूप उभी होती. माझा आवाज बंद झालेला त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

पुन्हा तसंच झालं तेव्हा यजमानांनी श्रीवर्धनहून डॉक्टर आणले. बैलगाडीतून हादरत आलेला तो शांत माणूस. त्यांनी बरगडीखाली बोटं दाबून मला श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यावर अडकला आणि मी त्यांचा हातच झिडकारला. ते रागावले नाहीत.

"पित्ताशयात खडे झालेत," ते यजमानांना म्हणाले. "आगबोटी चालू आहेत तोवर यांना मुंबईला न्या. ऑपरेशन करावं लागेल. पाऊस लागला आणि बंदर बंद झालं, की नारळी पौर्णिमेपर्यंत तुम्ही इथे अडकलात. त्यात एखादा खडा नळीत जाऊन बसला, कावीळ झाली, तर माझ्याजवळ काही इलाज नाही."

आमच्याकडे तेव्हा मुंबई म्हणजे दिघी बंदर आणि तिथून आगबोट. मृगाच्या आधी बोटी थांबायच्या. मग उरायचा खुष्कीचा रस्ता, म्हसळ्यावरून माणगावकडे, भरलेल्या नद्या आणि वाहून गेलेल्या वाटा. धडधाकट पुरुष त्या वाटेने कसाबसा जाई. दुखणेकऱ्याला डोलीत घालून नेलं तर पहिल्याच नदीवर डोली थांबायची. तेव्हा माझ्याजवळ वेळ होता तो वैशाखापर्यंतचा.

मला जायचं नव्हतं. हे मी उघड सांगते. आमच्याच आळीतली एक बाई मुंबईला ऑपरेशनला गेली होती आणि तिची नुसती ट्रंक परत आली होती. ती ट्रंक गाडीतून उतरवताना मी पाहिली होती. मला सुरीची भीती वाटत होती, क्लोरोफॉर्मची त्याहून जास्त. तिखट माणसाला असं आडवं पाडून गप्प करण्याची कल्पनाच सहन होईना.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मुंबई कशाला गो? खडे मी पाडते. माझे नाही पडले?"

माझे यजमान पाळण्यात होते तेव्हा सासूबाईंना हीच व्याधी झाली होती. त्यांच्या माहेरी त्यावर एक उपाय चालत आलेला. दिवसभर उपास करायचा. नारळाचं दूध आटवून काढलेलं ताजं तेल वाटीभर घ्यायचं, त्यात तेवढाच लिंबाचा रस घालायचा आणि तिन्हीसांजेला एका दमात पिऊन उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी खडे पडतात. त्यांचे पडले होते, हिरवे, बोराएवढे. त्यानंतर त्यांना म्हणे कधी तसं दुखलं नाही. नाही म्हणायला त्या अधूनमधून दुपारी गरम पाण्याचा तांब्या कुशीला लावून बसायच्या, पण ते वायूचं, असं त्याच सांगायच्या. ओवा चावायच्या आणि उठून कामाला लागायच्या.

या उपायाला दोन नियम होते. एक, तो पौष-माघातच करायचा. उन्हाळ्यात तेल पातळ, त्याला पकड नसते, खडा हातचा सुटतो. आणि दुसरा, पडलेले खडे त्याच दिवशी समुद्रात सोडायचे. घरात ठेवले तर ते आपलं माणूस शोधत परत येतात.

मी तेल प्यायले. त्याची आठवण आजही नको. सकाळी मात्र खरोखरच खडे पडले, हिरवेगार, काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे, भांड्यात तरंगत होते. सासूबाईंनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांच्या घरात आल्यापासून तसा पाहिला नव्हता. मलाही रडू आलं. सुरी टळली होती.

पण समुद्रात सोडायला मी दिले नाहीत. "डॉक्टरांना दाखवणार," म्हटलं. "ते मला मुंबईला धाडायला निघाले होते, त्यांना बघू देत."

"घरात ठेवायचे नसतात ते."

"मग अंगणात ठेवते."

यावर दोन दिवस अबोला झाला. शेवटी खडे धुऊन एका काचेच्या बरणीत घातले आणि बरणी फडताळात, अंधाराला ठेवली. मी नखाने एक दाबून पाहिला होता. मऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, ओले आहेत, पोटातून आलेले, वाळले की कडक होतील. मला ते पटलं. आमच्याकडे आमसूल काय, फणसाची साटं काय, सगळं आधी मऊच असतं.

आणि मग गंमत अशी झाली, की ज्यांना ती बरणी घरात नको होती, त्याच सासूबाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी वाण घ्यायच्या आणि मग फडताळाशी जायच्या. बोर्लीहून एक बाई आपल्या दुखणाईत नवऱ्याला घेऊन आली, सासूबाईंनी तिलाही कृती सांगितली. मला बरं वाटत होतं. फाल्गुनात शिमग्याच्या पुरणपोळ्यासुद्धा मी जपून का होईना, खाल्ल्या. डॉक्टरांना बरणी दाखवायचं राहून गेलं, कारण दुखतच नव्हतं, आणि दुखत नसताना डॉक्टरांकडे जाण्याची रीत आमच्यात नव्हती. यजमानांनी मुंबईचं नाव काढणं सोडलं. बोटी येत-जात राहिल्या.

चैत्र संपता संपता कळ परत आली.

या वेळी ती संध्याकाळी थांबली नाही. थांबली ती दुसऱ्या दिवशी, तीही पुरती नाही. आत काहीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटायचं. पेजेखेरीज काही पोटात ठरेना. यजमान घाबरले, पण त्यांची भीती नेहमी आईच्या तोंडाकडे बघायची.

"एखादा राहिला असेल आत," सासूबाई म्हणाल्या. "आता उन्हाळ्यात तेल चालायचं नाही. पौषात पुन्हा घे."

"पौषापर्यंत काढू कशी?"

"पेजेवर राहा. मी काढले नव्हते दिवस?"

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं घरात कोणाला आवडायचं नाही, पण बोलायला बळ नव्हतं आणि दुसरं म्हणजे सुरीची भीती अजून होतीच. पौष लांब होता, पण सुरीपेक्षा बरा. कोणी मला बळेच नेलं असतं तर मी गेले असते. कोणी नेत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात त्याबद्दल आभारही मानत होते आणि चडफडतही होते. आजारी माणसाचं हे असं असतं.

वैशाखात वाळवणं निघाली. पावसाच्या आधी घरातलं सगळं उन्हात पडतं. रातांबे फोडून त्यांची सालं रसात बुडवून वाळत घातलेली, सांडगे, मिरच्या, पोह्याचे पापड, गाद्यासुद्धा. अंगणभर सुपं, चटया आणि धोतरं. मी पडवीत खाटेवर पडून कावळे हाकलायचं काम करत होते, म्हणजे काठी धरून होते.

सासूबाईंनी फडताळ आवरताना ती बरणी काढली. खडे एकमेकांना चिकटले होते आणि थोडा वास येत होता.

"पावसाळ्यात बुरशी धरेल यांना," त्या म्हणाल्या. "दोन उन्हं देते. कडक झाले की निवांत राहतील."

माझ्यादेखत त्यांनी ते एका सुपात सुटे सुटे करून पसरले, आमसुलांच्या शेजारी. मग त्या आत गेल्या. मला डुलकी लागली.

जाग आली ती कशानेच नाही. अंगणात फार शांत होतं. सासूबाई आमसुलं परतायला आल्या होत्या आणि सुपापाशी उभ्या होत्या. वाकलेल्या नव्हत्या, नुसत्या उभ्या. ऊन डोक्यावर होतं. मी काठी टेकत गेले.

सुपात खडे नव्हते. बांबूच्या कामट्यांतून हिरवट तेल झिरपून खाली सारवलेल्या अंगणावर उतरलं होतं आणि जमिनीने ते पिऊन टाकलं होतं. कडेला एखाददुसरा गोळा उरला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत बसत गेला. सासूबाईंनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं. मग बोट माझ्यापुढे धरलं. वास खोबरेल तेलाचा होता. खवट, पण खोबरेलाचाच.

थंडीत आमच्या घरी खोबरेलाची बाटली थिजून पांढरी व्हायची आणि डोक्याला लावायचं म्हणून आम्ही ती चुलीशी ठेवायचो. हे घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं. पौष-माघात प्यायचं आणि पडलेलं त्याच दिवशी समुद्राला द्यायचं. इतक्या पिढ्यांत एकाही बाईने खडा वैशाखाचं ऊन लागेपर्यंत ठेवला नव्हता.

मी सासूबाईंवर ओरडले. तोपर्यंत भांडले होते, ओरडले नव्हते. म्हटलं, हे तेल आहे. जे पाजलंत तेच पडलं. माझे खडे आतच आहेत आणि तुमच्या नादाने मी सगळे दिवस घालवले. बोटी चालल्या आता. मला मारायचंच होतं तर सुपात घालून उन्हात ठेवायचं होतं. असं बरंच काही. ओरडताना कुशीत कळ मारत होती, तरी मी थांबेना.

सासूबाईंनी बोट पदराला पुसलं. सुपाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. त्यांचा हात कमरेच्या वर, उजव्या कुशीवर होता. हे मी पाहिलं, पण तेव्हा मला माझ्या कुशीखेरीज दुसरी कुशी जगात नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "बंदर कधी बंद होतं?"

यजमान बाहेरून आले तेव्हा मी आत पडले होते. ओटीवरचं बोलणं मला ऐकू येत होतं. आयुष्यभर ज्या बाईने मुलाला मुंबईपासून लांब ठेवलं, ती त्याला म्हणत होती, "उद्याच्या उद्या हिला घेऊन जा. दिघीला माणूस धाड, बोटीची चौकशी कर."

"आई, एवढ्या घाईने? एखादा पावसाळा काढून..."

"तुझ्या बायकोचे डोळे बघितलेस का? मी बघितले. पिवळे व्हायला लागलेत. पावसाळा काढायला ती काही नारळ नाही."

"तिच्याजवळ बायकांपैकी कोणी हवं ना तिकडे. मग तू पण चल."

मला वाटलं, आता सासूबाई सोवळ्याचं काढतील, बोटीतल्या पाण्याचं काढतील.

"मी आले तर मुलांना कोण बघेल?" त्या म्हणाल्या. "आणि वाडीचं शिंपणं? जा तू. दवाखान्यात बायका असतात म्हणे कामाला."

त्यांनी माझी ट्रंक स्वतः भरली. लुगडी घड्या घालून ठेवताना त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मला ते लागलं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि त्या माझ्याशी. निघताना मी वाकून नमस्कार केला तो रीत म्हणून. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो मात्र रीतीपेक्षा जास्त वेळ.

दिघीला समुद्र काळवंडला होता. आगबोट लांब उभी राहायची आणि तिथपर्यंत मचव्यातून जावं लागायचं. मचव्यावरच्या कोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि यजमानांना म्हणाला, "मास्तर, बाई लय आजारी हाय वाटतं. जाताय तर आजच जा. उद्याची बोट येल का न्हाय, कोनी सांगावं. वारा फिरलाय."

"परवा पण एक आहे ना?"

"कागदावर हाय. दर्यावर न्हाय."

मला चौघांनी धरून मचव्यात उतरवलं. मचवा वर-खाली होत होता आणि दर हेलकाव्याला बरगडीखाली कोणी पहार घालत होतं. आगबोटीच्या शिडीशी आलो तेव्हा लाट खाली गेली आणि शिडी हातभर वर राहिली. यजमानांनी मला वरच्या खलाशाच्या हातात अक्षरशः फेकलं. मुंबई येईपर्यंत मी डेकवर वळकटीला टेकून डोळे मिटून होते. त्यानंतर दुसरी बोट आली नाही, हे आम्हाला मागाहून कळलं.

ऑपरेशनचं मी काय सांगणार, मी तिथे नव्हते. क्लोरोफॉर्मचा गोड वास आणि मग एकदम तहान. कुशीत रबराची नळी, बाहेर मुंबईचा पाऊस, आणि यजमान खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेले. मी जगले होते. पहिले काही दिवस माझा त्यावर विश्वास बसेना. नंतर बसला, तेव्हा मी नर्सशी भांडले, आणि यजमानांच्या जिवात जीव आला.

सर्जन मोठे तुसडे म्हणून प्रसिद्ध होते. पण मी खडे दाखवा म्हणून धरणं धरलं, तेव्हा ते बाटली घेऊन आले आणि स्टुलावर बसले. एक मोठा, चांगला सुपारीएवढा, आणि बाकीचे डाळीएवढे. मोठा त्यांनी मधोमध कापला होता. अडकित्त्याने कातरलेल्या रोठा सुपारीसारखाच तो आतून दिसत होता, रेषारेषांचा, मधे पिवळट पांढरा आणि कडेला तपकिरी.

"हे कशाचे असतात?" मी विचारलं.

"तुमच्याच पित्ताचे," ते म्हणाले. "यकृतात पित्त तयार होतं. पोट रिकामं असलं की ते एका पिशवीत साठतं आणि तिथे आटून दाट होतं. त्यात मेणासारखी एक चरबी विरघळलेली असते. ती जास्त झाली, किंवा पिशवी पुरती रिकामी होईना, की त्या चरबीचे कण धरतात. कणावर थर चढतो, त्यावर आणखी थर. वरून पित्ताचा रंग बसतो, थोडा चुना बसतो. गरोदरपणात ही पिशवी आळसावते, म्हणून तुम्हा बायकांत हे जास्त. वर्षानुवर्षं चालतं."

"पाक दाट झाला की बरणीच्या तळाशी साखर धरते, तसं."

"तसंच. फक्त पाकात पाणी घालून तो सारखा करता येतो. याचं तसं नाही."

मी विचारलं, हा उन्हात वितळेल का. त्यांना प्रश्नच समजला नाही. तरी त्यांनी एक कपचा चिमट्यात धरला आणि स्पिरिटच्या दिव्यावर नेला. तो मेणासारखा वितळला आणि धूर सोडत जळला. "आगीत वितळेल," ते म्हणाले. "उन्हात शंभर वर्षं ठेवा, काही व्हायचं नाही."

मग मी त्यांना तेलाची गोष्ट सांगितली. ते पहिल्यांदाच हसले. "म्हणजे तुम्ही साबण पाडलात," म्हणाले. "तेल आतड्यात गेलं, तिथल्या रसांनी त्याचा साबण झाला, पित्ताने हिरवा रंग दिला. खडे होते तिथेच होते."

"पण मला तर दोन महिने आराम पडला."

"खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. मागे सरकला की थांबते. तो आपल्या मर्जीने सरकतो, तेलाच्या नाही. काही लोक वीस-पंचवीस वर्षं काढतात. थोडं दुखतं, त्याला वायू म्हणतात, आणि एक दिवस तो नळीत जाऊन बसतो."

मी हसत होते. हसताना टाके दुखत होते म्हणून पोट धरलं होतं. वायू म्हटल्यावर माझं हसणं थांबलं. मला सुपापाशी उभ्या असलेल्या सासूबाई दिसल्या आणि त्यांचा कुशीवरचा हात दिसला. आणि हेही कळलं, की मला आज जे इथे समजतंय ते त्यांना तिथे, त्याच क्षणी समजलं होतं.

यजमानांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते पांढरे पडले. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि बंदर बंद होतं. शाळा सुरू होत होती, म्हणून ते खुष्कीने निघाले. कुठे गाडी, कुठे पायी, नदीकाठी पाणी उतरायची वाट बघत, कसेबसे घरी पोचले. त्यांचं कार्ड आलं, आई बरी आहे. पुढचंही तेच, आई बरी आहे, मुलं मजेत. आमच्या घरातल्या पुरुषांना जेवण वेळेवर मिळालं की सगळे बरे असतात. मी गिरगावात त्यांच्या मावसभावाकडे गादीवर पडून त्या कार्डांचा राग राग करत होते. उठून चालायला लागल्यापासून मी रोज शेजाऱ्यांना विचारायचे, बोटी कधी सुटणार. इतक्या तळमळीने मी माहेरचीसुद्धा कधी वाट पाहिली नव्हती.

नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिली बोट सुटली, तिने मी आले.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्यावरून ओवाळून त्यांनी तो बाहेर टाकला आणि वर पाहिलं. डोळे हळदीचे झाले होते. हात काडीसारखे. पायरी चढता चढता मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला त्यांचा इतका राग आला, की ओवाळणाऱ्या बाईला मी दारातच विचारलं, "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"आत तर ये."

"कळलं होतं ना?"

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "अगो, मी काय खुळी आहे? तुझं तेल वितळलं म्हणजे माझंही तेलच होतं."

"मग बोललात का नाहीत? एकत्र गेलो असतो."

"मुलं कुणाच्या गळ्यात घातली असतीस? आणि बोलले असते तर तू गेली असतीस का? माझ्याआधी?"

मी गेले नसते. सासू आजारी असताना सून मुंबईला ऑपरेशनला गेली, असं आमच्या गावात घडलं नव्हतं आणि मीही ते घडू दिलं नसतं. भांडणं वेगळी. त्यांना मी बरोब्बर ठाऊक होते. मुलांनी मागाहून सांगितलं, आजी सबंध पावसाळाभर पेज प्यायची आणि बाबा आले की पाट मांडून त्यांच्यासमोर जेवायचं सोंग करायची.

पुढच्या बोटीने मीच त्यांना घेऊन निघाले. यजमानांना त्यांनी घरी ठेवलं. बोटीवर त्यांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भांड ना जरा. इतकी गप्प बसू नकोस." मी प्रयत्न केला. काही सुचेना.

दवाखान्यात तेच सर्जन होते. त्यांनी पोट उघडलं, कारण उघडल्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाट उजाडता उजाडता सासूबाई गेल्या. माझा हात त्यांच्या हातात होता आणि मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण वॉर्डात इतर बायका झोपल्या होत्या.

सकाळी सर्जन आले. या वेळी बाटली आणली नव्हती. खडा नळीत घट्ट बसला होता, म्हणाले, कित्येक महिन्यांपासून. मग हात पुसत, कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही, सवयीने त्यांनी मला विचारलं, "यांना पावसाळ्याच्या आधी का नाही आणलंत?"

"तेव्हा मी आले होते," मी म्हटलं.